कार्यक्रम घरून निघतानाच सुरू होतो

सांगली-मिरज भागात साहित्य संमेलनं, व्याख्यानमाला, संगीत सभा आणि नाट्यमहोत्सव यांची कधी वाण पडलेली नाही. अशा कार्यक्रमांच्या आयोजनात मी बरीच वर्षं आहे आणि बहुतेक वेळा माझ्याकडे वाहतूक समिती येते. प्रमुख पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, मैदानात चुन्याची फक्की मारून पार्किंगच्या रांगा आखायच्या, एवढंच या समितीचं काम असं बहुतेक जण धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. कार्यक्रमामुळे हवेत किती धूर जाणार, हे मांडव, जेवण आणि छपाईपेक्षा याच समितीच्या कामावर जास्त अवलंबून असतं.

हा विषय मला इतका जवळचा का, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा नदीची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५ आणि २०२१ चे पूरही आम्ही पाहिलेत. एखाद्या पुराचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. धरणांमधला विसर्ग आणि नदीकाठची बांधकामं हीसुद्धा कारणं आहेतच. पण हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं आणि मुसळधार पावसाचा जोर वाढतो, यात शंका नाही. ज्या गावाच्या नाट्यगृहांत, ग्रंथालयांत पाणी शिरलं, त्या गावानं आपले सांस्कृतिक सोहळे तरी कमी धुरात साजरे करावेत, असं मला मनापासून वाटतं.

वाहतूक समितीच्या या कामातून हाती लागलेलं शहाणपण सगळ्या आयोजकांसाठी लिहून ठेवतो आहे. त्याचं सार असं की, लोक कसे येणार हे मोठ्या प्रमाणावर आपणच ठरवत असतो. तारीख, वेळ, जागा आणि निमंत्रणपत्रिका या चार गोष्टी आपल्या हातात असतात आणि प्रवासाचा निर्णय त्यांतूनच होतो.

१. पहिल्या बैठकीत लिटरचा हिशोब मांडा

‘कार्बन उत्सर्जन’ म्हटलं की बैठकीत माना डोलतात आणि विषय पुढे सरकतो. लिटर म्हटलं की सगळे कान टवकारतात. म्हणून मी फळ्यावर एक साधा हिशोब लिहितो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. इंधनाच्या वजनापेक्षा वायूचं वजन जास्त कसं, असं कोणीतरी हमखास विचारतं. जळताना इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, त्याचं ते वजन.

आता पुणे ते सांगली हे अंतर साधारण २३५ किलोमीटर धरू. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीला सुमारे १६ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे ३६ किलो वायू. गाडीत एकटाच माणूस असेल तर ते सगळे त्याच्याच नावावर. चौघं असतील तर माणशी ९ किलो. लिटरला साडेचार किलोमीटर धावणारी एसटी ४० प्रवासी घेऊन आली तर तिला सुमारे ५२ लिटर डिझेल लागेल, म्हणजे १४० किलो. माणशी फक्त साडेतीन किलो. एकट्यानं मोटारीतून येणं आणि भरलेल्या एसटीनं येणं यांत दहापटीचा फरक आहे.

हा हिशोब समोर आला की प्लास्टिकच्या बाटल्या आणि फ्लेक्स यांवरची चर्चाही योग्य प्रमाणात होते. त्या गोष्टी कमी करायलाच हव्यात, पण संध्याकाळची सगळी बैठक त्यांतच संपवायची नाही.

२. तारीख-वेळ ठरवताना रेल्वेचं वेळापत्रक पुढ्यात ठेवा

मुंबईहून रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे सांगली-मिरजेत येते आणि परतीची गाडी रात्री इथून मुंबईकडे जाते. कार्यक्रम सकाळी साडेनऊला सुरू होऊन संध्याकाळी साडेसातला संपला, तर मुंबईचा रसिक दोन्ही रात्री गाडीत झोपून पूर्ण दिवस आपल्याबरोबर घालवू शकतो. तोच कार्यक्रम सकाळी अकराला सुरू होऊन रात्री अकराला संपला, तर त्याला मोटारीशिवाय पर्याय उरत नाही. फरक फक्त कार्यक्रमपत्रिकेतल्या वेळांचा आहे.

पहाटे उतरलेल्या माणसाची सोय मात्र बघावी लागते. स्टेशनजवळचं एखादं कार्यालय सकाळच्या दोन-तीन तासांसाठी घ्यायचं. बंबातलं गरम पाणी, बायका-पुरुषांसाठी वेगळ्या न्हाणीघरांची व्यवस्था, सामान ठेवायला कुलूपबंद खोली, चहा आणि गरम पोहे. खर्च फार नसतो. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ताजातवाना मांडवात आला की तो पुढच्या वर्षी रेल्वेनंच येतो आणि आणखी दोघांना घेऊन येतो.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. तारीख तीन महिने आधी जाहीर केली, तरच लोक खिडकी उघडताच तिकीट काढू शकतात. पंधरा दिवसांवर कार्यक्रम आल्यावर पत्रिका हातात पडली तर प्रतीक्षा यादीच नशिबी येते आणि मग गाडी काढली जाते. आषाढी, दिवाळी आणि लग्नसराईच्या दाट तिथी टाळाव्यात. त्या दिवसांत एसटीच्या गाड्या आणि रेल्वेच्या जागा दोन्ही मिळणं अवघड असतं.

३. जागा निवडताना आधी चालून बघा

हमरस्त्याला लागून मोठं मैदान मिळालं की समितीला हायसं वाटतं, कारण पार्किंगचा प्रश्न सुटतो. पण त्या जागेवर यायला प्रत्येकाला वाहन लागतं. गावातलं नाट्यगृह किंवा शाळेचं पटांगण थोडं अडचणीचं असलं तरी निम्मं गाव पायी येतं, आणि बसस्टँडवर उतरलेला माणूसही पायी येतो.

जागा पक्की करण्याआधी आम्ही दोघं-तिघं स्टँडपासून तिथपर्यंत चालत जातो, आणि तेही अंधार पडल्यावर. कुठे दिवे बंद आहेत, कुठे पदपथावर गटाराची झाकणं उघडी आहेत, कुठला चौक ओलांडताना साठीच्या बाईला भीती वाटेल, हे चालल्याशिवाय कळत नाही. दिवे आणि झाकणांसाठी नगरसेवकांकडे वेळेत अर्ज दिला तर काम होतं. त्याचा फायदा कार्यक्रम संपल्यावरही गावाला राहतो.

४. पत्रिकेवर ‘कसे याल?’ ही चौकट छापा

निमंत्रणपत्रिकेवर मान्यवरांची नावं इतकी असतात की जागेचा पत्ता तळाशी बारीक अक्षरात जातो. आम्ही आता आतल्या पानावर एक ठळक चौकट ठेवतो. तिच्यात क्रम ठरलेला असतो. सगळ्यात आधी रेल्वे, मग एसटी, मग शहर बस आणि रिक्षा, शेवटी स्वतःचं वाहन. स्टेशनवरून रिक्षाचं अंदाजे भाडं, स्टँडवरून चालत लागणारी मिनिटं, परतीच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा आणि वाहतूक समितीतल्या दोघांचे फोन नंबर.

क्रमाला महत्त्व आहे. ‘पार्किंगची प्रशस्त सोय’ हे शब्द सगळ्यात वर दिसले की वाचणारा गाडीनं येण्याचं ठरवूनच टाकतो. ‘महालक्ष्मीनं येणाऱ्यांसाठी स्टेशनवर स्वयंसेवक हजर असतील’ हे वर दिसलं की तो आधी रेल्वेचा विचार करतो.

नोंदणी शुल्क असेल तर प्रवास त्यातच धरणं आणखी चांगलं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या तिकिटाबरोबर त्या दिवसाचा शहरातल्या सार्वजनिक वाहतुकीचा पास मिळायचा. जर्मनीत २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत सामन्याचं तिकीट असणाऱ्याला ३६ तास स्थानिक वाहतूक मोफत होती. आपण तालुक्याच्या पातळीवर तेच करू शकतो. बसचं भाडं नोंदणीत घ्यायचं आणि पावतीवरच बसचा नंबर टाकायचा. एकदा पैसे भरले की माणूस बसनंच येतो.

५. एसटीच्या आगारात लवकर जा

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून लग्नाच्या वऱ्हाडापासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळ्यांना तिनं पोहोचवलंय. तिच्याकडे ‘प्रासंगिक करार’ ही सोय आहे, म्हणजे एका ठरावीक कामासाठी पूर्ण बस भाड्यानं मिळते. आगारात लेखी अर्ज द्यायचा, त्यात मार्ग, थांबे, निघण्याची आणि परतीची वेळ स्पष्ट लिहायची. तोंडी बोलण्यावर विसंबून राहायचं नाही. पंढरपूरच्या यात्रेसाठी तर एखाद्या गावातून ४० किंवा त्याहून जास्त भाविकांनी एकत्र मागणी केली तर एसटी थेट गावातून बस सोडते. सांस्कृतिक कार्यक्रमांना जाणाऱ्यांनीही अशीच एकत्र मागणी करायची सवय लावून घ्यायला हवी.

आमच्याकडे मार्ग ठरलेले आहेत. एक बस आटपाडीहून विटा, तासगाव करत येते, दुसरी जतहून कवठे महांकाळ, मिरज करत. प्रत्येक बसला एक बसप्रमुख असतो. तोच गावोगावची नावं गोळा करतो, तोच आदल्या रात्री फोन करतो आणि परतीला माणसं मोजून बस सोडायला सांगतो. आटपाडीच्या एक निवृत्त शिक्षिका हे काम करतात. त्यांची वही मी पाहिली आहे. प्रत्येक नावापुढे चढण्याचं ठिकाण, घरच्यांचा फोन नंबर, ‘गाडी लागते, खिडकी द्यावी’ अशी बारीक नोंद. या वहीमुळे बस भरते. नुसत्या जाहिरातीनं बस भरत नाही.

पूर्ण बस भरेल इतकी माणसं नसतील तर नेहमीच्या फेऱ्यांची माहिती द्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत आहे. व्याख्यानमालांना येणाऱ्यांत याच दोन गटांची संख्या मोठी असते. पत्रिकेवर ही एक ओळ छापली की बऱ्याच घरांत ‘कोण सोडणार, कोण आणणार’ हा प्रश्नच राहत नाही.

६. शेवटची बस हे कार्यक्रमाचं खरं घड्याळ

सार्वजनिक वाहनानं येणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी काळजी परतीची असते. येताना तो कसाही येतो, पण रात्री दहाला स्टँडवर उभं राहायचं नसतं. बायकांच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. कार्यक्रम वेळेवर संपेल याची खात्री नसेल तर त्या एक तर येत नाहीत, नाही तर कोणाला तरी गाडी काढायला लावतात.

म्हणून वाहतूक समितीचा एक माणूस व्यासपीठाच्या बाजूला बसवा आणि त्याला सूत्रसंचालकाकडे चिठ्ठी पाठवायचा अधिकार द्या. सत्कार लांबले, आभारप्रदर्शनात नावांची यादी वाढली की सगळ्यांचं वेळापत्रक कोसळतं. आम्ही सत्कार सुरुवातीलाच आणि एकत्र करतो, आभार दोन मिनिटांत. मध्यंतरात परतीच्या गाड्यांच्या वेळा जाहीर करतो. बस कार्यक्रम संपल्यावर पंधरा मिनिटांनी सुटेल म्हटलं की पंधरा मिनिटांनीच सुटायला हवी. हा शब्द दर वेळी पाळला की लोकांचा विश्वास बसतो. तो बसायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून पहिल्या वर्षी बस अर्धी रिकामी गेली तरी हार मानू नका.

७. गाडी काढायचीच असेल तर ती भरून आणा

सगळेच बसनं येऊ शकत नाहीत. गुडघे दुखणारे आजोबा, तान्हं बाळ असलेली आई, चाकाच्या खुर्चीवरचा रसिक, आडमार्गाच्या वस्तीवरचा शेतकरी यांना मोटार लागते. त्यांची गाडी थेट दारापर्यंत यायला हवी. तिथे अडवणूक करू नये.

बाकीच्यांसाठी तालुकावार व्हॉट्सअ‍ॅप गट करा. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं रिकाम्या जागा, निघण्याची वेळ आणि मार्ग टाकायचा. पेट्रोलचे पैसे सगळ्यांनी वाटून घ्यायचे, हे गटाच्या पहिल्याच निरोपात लिहून ठेवायचं म्हणजे कोणालाच संकोच होत नाही. अनोळखी माणसाच्या गाडीत बसायला बायका कचरतात आणि ते योग्यच आहे. म्हणून दोन बायकांना एकत्र जागा मिळेल असं बसप्रमुखानं जमवून द्यावं.

मैदानात दारापाशी पहिल्या जागा अपंग आणि वृद्धांच्या गाड्यांना, त्यानंतरची रांग तीन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांना, आणि एकट्यानं आलेल्यांची गाडी लांबच्या टोकाला. पार्किंगचं शुल्क घ्या आणि ते बसच्या खर्चात वळवलं आहे असा फलक तिथेच लावा. शुल्क कुठे जातंय हे दिसलं की लोक कुरकुर न करता देतात.

८. पाहुण्यांचा प्रवास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो

अध्यक्ष मोटारींच्या ताफ्यातून आले आणि श्रोत्यांनी मात्र एसटीनं यावं, हे पटत नाही. सन्मान मोटारीच्या आकारात नसतो. तो वेळेवर कळवण्यात, चांगल्या बर्थमध्ये, स्टेशनवर हजर असलेल्या माणसात आणि विश्रांतीच्या खोलीत असतो. विदर्भातल्या लेखकांना आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसनं बोलावतो. गोंदियाहून निघणारी ही गाडी नागपूर, अकोला, पुणे करत सांगली-मिरजेवरून कोल्हापूरला जाते. प्रवास लांबचा आहे, म्हणून वातानुकूलित डब्याचं तिकीट, आल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांती, आणि शक्य असेल तर परतीला सोबत. ज्येष्ठांची प्रकृती साथ देत नसेल तर एखादं सत्र पडद्यावरून घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

दुसरा उपाय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शेजारच्या गावांतल्या आयोजकांनी आपसांत बोलावं. एक वक्ता नागपूरहून सांगलीला येऊन दुसऱ्या दिवशी परत जातो आणि पंधरा दिवसांनी तोच वक्ता कोल्हापूरला येतो, असं सर्रास घडतं. सांगली, इचलकरंजी आणि कोल्हापूरच्या संस्थांनी तारखा जुळवल्या तर एका खेपेत तीन व्याख्यानं होतात. इंधन वाचतं, खर्च तिघांत वाटला जातो आणि वक्त्याच्या गाठीला या भागातली चार दिवसांची ओळख राहते.

९. मुक्काम जवळ ठेवा

बाहेरगावच्या माणसाला शहराबाहेरच्या हॉटेलात उतरवलं की त्याला दिवसातून चार वेळा गाडीनं ने-आण करावी लागते. पूर्वी संगीत सभांचे पाहुणे गावातल्या घरांत उतरायचे. ती पद्धत आम्ही पुन्हा सुरू केली. मंडपापासून चालत येण्याच्या अंतरावरच्या घरांची यादी करतो, घरमालक आणि पाहुणा यांची आधी फोनवर गाठ घालून देतो. सकाळी यजमान आणि पाहुणे गप्पा मारत पायीच मांडवात येतात. उरलेल्यांसाठी स्टँडवरच्या रिक्षावाल्यांशी आधीच बोलून शेअर रिक्षाचा दर ठरवतो आणि तो फलकावर लावतो. सायकलीसाठी सावलीत, पहारा असलेली जागा ठेवली की कॉलेजची मुलं सायकलीनं येतात.

१०. प्रवासालाच रंगत आणा

आपल्याकडचे सगळ्यात मोठे मेळावे आजही कमीत कमी इंधनात होतात. आषाढीला वारकरी पायी पंढरपूरला जातात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा अथांग जनसागर मुख्यतः रेल्वेनं दादरला उतरतो. त्या प्रवासात भजन असतं, गाणी असतात, एकमेकांच्या डब्यातली भाकरी असते. म्हणून तो प्रवास कोणाला शिक्षा वाटत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा पुण्याहून खास रेल्वेगाडी निघाली आणि त्या गाडीतच साहित्ययात्रींचं संमेलन भरलं. एवढं मोठं जमलं नाही तरी छोट्या बसमध्येही पुष्कळ करता येतं. आम्ही एका कवीला आटपाडीच्या बसमधून आणलं. विट्यापासून तासगावपर्यंत त्यांनी पुढच्या सीटवर उलटं बसून कविता वाचल्या, मागच्या बाकावरच्या मुलींनी त्यांना प्रश्न विचारले आणि मांडवात पोहोचेपर्यंत त्यांचा एक हक्काचा श्रोतृवर्ग तयार झाला होता. पुढच्या वर्षी त्या बसची नावं आठवड्याभरात भरली. मोटारीतून एकट्यानं येणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, हे लोकांना आपोआप कळतं.

११. हिशोब जाहीर करा

नोंदणीच्या टेबलावर एकच जादा प्रश्न विचारा, ‘कसे आलात?’ पायी, सायकल, बस, रेल्वे, दुचाकी, मोटार आणि मोटारीत किती जण, एवढ्या खुणा पुरतात. जमाखर्चाबरोबर हाही गोषवारा अहवालात छापा आणि पुढच्या वर्षीच्या समितीच्या हातात द्या. आकडे चांगले नसले तरी छापा. देणगीदारांना हा भाग आवडतो आणि बसचा खर्च उचलायला त्यांतलाच कोणीतरी पुढे येतो.

प्रत्येक गावात हे सगळे बोल जसेच्या तसे लागू पडतील असं नाही. कुठे रेल्वे नाही, कुठे संध्याकाळी सहानंतर एसटी नाही. पण तारीख ठरते त्याच बैठकीत वाहतूक समिती नेमणं प्रत्येक संस्थेला शक्य आहे. आज बहुतेक ठिकाणी ती पत्रिका छापून झाल्यावर नेमली जाते, तेव्हा तिच्या हातात पार्किंगशिवाय काही उरलेलं नसतं. तुमच्या पुढच्या कार्यक्रमाची पहिली बैठक होईल तेव्हा विषयपत्रिकेत तारखेच्या खाली लगेच ‘लोक कसे येतील?’ हा विषय घाला आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख पक्की करू नका.